उपयुक्त क्षमता (भांड्याची)

भांड्यात काठोकाठ मावते ती एकूण क्षमता. त्यातले प्रत्यक्ष भरता, उचलता आणि परत काढता येते तेवढीच उपयुक्त क्षमता. अभियंता भांडे निवडतो ते या दुसऱ्या आकड्यावर. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते; बॅरल, टिपाड, घागरी मांडून बसणाऱ्या घरांना हा हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही.

तोंड ३० सेंमी., बूड २२ सेंमी. आणि उंची २८ सेंमी. असलेली बादली १५ लिटरची भरते. जिना चढताना हिंदकळू नये म्हणून वरची ४ सेंमी. सोडली, तर हाती येते जेमतेम सव्वाबारा लिटर. उंची १४ टक्के घटली, पाणी १८ टक्के; कारण बादली वर रुंद असते. घागरीचे नेमके उलटे. गळा अरुंद, म्हणून वर चार बोटे रिकामी ठेवली तरी जाते थोडेच, आणि डोक्यावर डचमळतही नाही. आकाराची ही समज कुंभार-तांबटांकडे सूत्रांवाचून होती.

गच्चीवरच्या टाकीत दोन्हीकडून कापले जाते : वर फ्लोट झडप काठाआधी बंद होते, खाली तोटी बुडापासून थोडी वर असते. बूड १ चौ.मी. असेल, तर दर सेंटीमीटरमागे १० लिटर गेले.

धान्य मात्र काठावर चढते. ज्वारीची शीग सुमारे ३० अंशांच्या उताराने उभी राहते, असे धरले, तर वरच्याच बादलीत आणखी २ लिटर मावतात. पायली-शेराच्या व्यवहारात माप शिगेचे की सपाट, यावरून तंटे होत ते उगीच नव्हे.

सर्वांत मोठे उदाहरण भीमेवरच्या उजनी धरणाचे. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), पैकी ६३.६६ मृत, म्हणजे सोडण्याच्या दारांखाली राहणारा, आणि ५३.५७ उपयुक्त. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्याची काढतात, म्हणून उन्हाळ्यात ती शून्याखाली जाते. ‘उजनी उणे २० टक्के’ अशी बातमी येते, तेव्हाही धरणात सुमारे ५३ टीएमसी पाणी असते. पण पातळी सोलापूर शहराच्या जॅकवेलखाली (धरणातून पाणी उचलण्याच्या विहिरीखाली) उतरली, की तेच पाणी आधी पंपाने त्या विहिरीपर्यंत ढकलावे लागते. सोलापूरकर याला ‘दुबार पंपिंग’ म्हणतात. पातळी आणखी खाली गेली, तर तिबार.