मृगाआधीचा सरसकट जंताचा डोस: पार्श्वभूमी

मृगाच्या तोंडावर सगळी मेंढरं एका दमात पाजून घ्यायची, हा सल्ला आपल्याकडे इतका रुळलाय की तो तपासून पाहण्याची वेळ कधीच येऊन गेली.

औषधांचा इतिहास थोडक्यात असा. फिनोथायझिन या जंतनाशकाला हिमॉन्कस (मेंढीच्या पोटात राहून रक्त पिणारा जंत) दाद देत नाही, अशी नोंद १९५७ मध्ये अमेरिकेत झाली. १९६१ मध्ये आलेल्या थायाबेंडाझोलला तीनच वर्षं मिळाली. भारतात या दोन्हींना न जुमानणारा हिमॉन्कस १९७६ मध्ये नोंदला गेला. १९८१ च्या आयव्हरमेक्टिनलाही दशक भरायच्या आत दक्षिण आफ्रिकेतले जंत पुरून उरले.

खरा वाद वेळेचा आहे, आणि तो पश्चिम ऑस्ट्रेलियात सगळ्यात स्वच्छ दिसतो. तिथला उन्हाळा कोरडा. रानातल्या अळ्या उन्हाने मरतात आणि उरलेले जंत मेंढीच्या पोटात असतात. नेमक्या त्याच वेळी सगळा कळप पाजला की पावसानंतरचं रान निर्धोक, हा हिशेब बरोबर होता आणि सुरुवातीला त्याची फळंही मिळाली. पण डोस पचवून उरलेल्या मूठभर जंतांच्या पिढीत मिसळायला रानात साध्या, म्हणजे औषधाने मरणाऱ्या जंतांच्या अळ्या उरल्याच नव्हत्या. पावसानंतरची नवी पैदास जवळपास सगळी त्या मूठभरांचीच. शेवटी मोठ्या मेंढ्यांचा डोस उन्हाळ्यातून काढून तिथल्या शरदात, म्हणजे मार्च-एप्रिलकडे नेण्याचा सल्ला द्यावा लागला. तिथला मुख्य जंत टेलाडोर्सेजिया हा वेगळा, आपला हिमॉन्कस. पण वैशाखातलं आपलं माळरानही तसंच करपलेलं असतं. म्हणून मृगाआधीचा सरसकट डोस मला धोक्याचा वाटतो.

इथेच ‘रेफ्युजिया’ हा शब्द येतो. ‘आश्रयस्थान’ या भाषांतराने घोटाळा केला, कारण त्यामुळे एखादी जागा डोळ्यांसमोर येते. अर्थ इतकाच: ज्या जंतांना औषध लागलंच नाही ते सगळे, मग ते रानात असोत वा न पाजलेल्या मेंढीत. असे साधे जंत उरावेत म्हणूनच काही मेंढ्या न पाजता सोडायच्या. दुसरा गैरसमज जास्त महाग पडतो. सोडायच्या त्या धडधाकट, आजारी नव्हे. दक्षिण आफ्रिकेत १९९० च्या दशकात तयार झालेला पापणीचा रंगतक्ता यासाठीच आहे. खालची पापणी उलटून पाहायची: लालभडक १ आणि २ सोडा, फिकट ४ आणि पांढरी ५ पाजा, ३ ला कोकरं आणि दुभत्या मेंढ्या पाजा. पावसाळ्यात ही तपासणी दर पंधरवड्याला हवी. हा तक्ता रक्त पिणाऱ्या जंतापुरताच चालतो. नुसती हगवण लावणारे जंत त्यात दिसत नाहीत.

कमी मात्रेने सगळं बिघडतं. अल्बेंडाझोल किलोला ५ मिलिग्रॅम धरलं, तर अडीच टक्क्यांचं द्रावण ३० किलोच्या मेंढीला ६ मिली लागतं. कळपाच्या सरासरी वजनावर मोजलं की जड मेंढ्या अर्धवट पाजल्या जातात. गटातल्या सगळ्यात जड मेंढीचं वजन करून त्यावर मात्रा ठरवावी, आणि नळी जिभेच्या मुळावर न्यावी. औषध तोंडात पुढेच सांडलं तर ते कोठीपोटाला वळसा घालून पुढे निघून जाऊ शकतं.

औषध चालतं का, हे लेंड्या सांगतात: डोसाआधी आणि १४ दिवसांनी १० ते १५ मेंढ्यांच्या लेंड्यांतली अंडी मोजायची. घट ९५ टक्क्यांच्या खाली आली तर आधी मात्रा आणि पाजण्याची रीत तपासायची, मग औषधाचा गट बदलायचा. नुसतं कंपनीचं किंवा औषधाचं नाव बदलून उपयोग नाही. अल्बेंडाझोल आणि फेनबेंडाझोल एकाच गटातले.