भुकेच्या क्षणी ठरणारे पेशींचे भवितव्य

मुलांचा उपजत कल जनुकांवरून सांगण्याचा दावा करणाऱ्या जाहिराती पुण्यात अधूनमधून दिसतात. दोन जीव वेगळे निघाले तर त्यांची जनुकेही वेगळी असलीच पाहिजेत, या समजावर त्या पोसल्या जातात. मातीत जिवाणू खाऊन जगणारा डिक्टिओस्टेलियम हा स्लाइम मोल्ड गटातला सूक्ष्मजीव हा समज मुळातूनच खोडून काढतो.

अन्न संपले की या एकपेशीय अमीबांपैकी काही पेशी सायक्लिक एएमपी हा रेणू सोडतात. शेजारच्या पेशी त्या दिशेने सरकतात आणि स्वतःही तोच रेणू सोडतात. अशा रीतीने लाखभरापर्यंत पेशी गोळा होऊन सरपटणारा एक छोटा जीव तयार होतो आणि उपासमार सुरू झाल्यापासून साधारण 24 तासांत त्याचा देठ व त्यावरचा बीजाणूंचा गोळा बनतो. सुमारे 20 टक्के पेशी देठ होऊन मरतात, बाकीच्या बीजाणू होऊन तगतात.

या सगळ्या पेशी एकाच पेशीच्या वंशज, म्हणजे सारख्याच जनुकांच्या असल्या, तरीही ही विभागणी होतेच. मग मरायचे कोणी? गोमर आणि फर्टेल या संशोधकांनी 1987 मध्ये दाखवले की, उपासमार सुरू झाली त्या वेळी नुकतेच विभाजन झालेल्या पेशींचा कल देठाकडे असतो, तर पुढच्या विभाजनाच्या जवळ आलेल्या पेशींचा बीजाणूंकडे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील विद्यानंद नंजुंडय्या आणि सहकाऱ्यांनी या फरकाची सांगड पेशीतील कॅल्शियमशी घातली: देठाकडे झुकणाऱ्या पेशींत ते अधिक असते.

मला सर्वांत मोहक वाटतो तो यापुढचा भाग. बीजाणू होऊ घातलेल्या पेशी डिफ-1 नावाचा क्लोरिनयुक्त रेणू बनवतात. त्याला अधिक संवेदनशील असलेल्या पेशी देठाच्या वाटेला लागतात आणि त्याच पेशी तो रेणू मोडूनही टाकतात. बीजाणूंकडे जाणाऱ्या पेशी वाढल्या की डिफ वाढतो, त्यामुळे देठाच्या पेशी वाढतात आणि डिफ पुन्हा घटतो. म्हणजे पेशीचा मूळचा कल किंचितच असला, तरी एकूण प्रमाण समूहच राखतो. सरपटणाऱ्या या जीवाचे तुकडे केले, तर तुकड्यांतही दोन्ही प्रकारच्या पेशींचे प्रमाण पुन्हा जुळून येते, हे केनेथ रेपर यांनी 1940 मध्येच दाखवले होते.

तरीही सारे श्रेय डिफला देता येत नाही. तो बनवू न शकणाऱ्या उत्परिवर्तित पेशींनाही देठ येतो, फक्त देठाच्या काही उपप्रकारांच्या पेशींत बिघाड होतो. त्यामुळे सरपटणाऱ्या जीवाच्या पुढच्या टोकाच्या, म्हणजे देठ होणाऱ्या पेशींचे भवितव्य ठरवणारे आणखी संकेत असलेच पाहिजेत.