गरोदरपणातला हिवताप आणि घसरलेल्या पेशी

तापाच्या रिपोर्टवर ९०,००० हा आकडा दिसला की घरात धावपळ सुरू होते: "पेशी कमी झाल्यात!" बरेच जण त्यांना पांढऱ्या पेशी म्हणतात, पण त्या वेगळ्या. या प्लेटलेट्स, म्हणजे बिंबिका. जखम झाली की रक्त थांबवायला आधी त्याच धावतात. पेशी कमी म्हटलं की सगळ्यांना डेंगी आठवतो. पण ताप आलेली बाई गरोदर असेल, तर त्याच दिवशी हिवतापाचीही तपासणी व्हायलाच हवी.

एका मायक्रोलिटर रक्तात, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, १.५ ते ४.५ लाख बिंबिका असतात. गरोदरपणात रक्तातला द्रव वाढतो, त्यामुळे आकडा थोडा उतरतोच. शंभरातल्या पाच ते दहा जणींचा तो दीड लाखाच्या खाली जातो, पण सहसा लाखाच्या वरच राहतो आणि बाळंतपणानंतर आपोआप सावरतो. हिवतापात मात्र घसरण याहून मोठी असते.

हे फार नीट दिसलं ते थायलंड-म्यानमार सीमेवर. तिथल्या निर्वासित छावण्यांत बहुतेक म्यानमारमधून आलेले कारेन जमातीचे लोक राहतात. शोक्लो मलेरिया रिसर्च युनिट १९८६ पासून त्यांच्यात काम करतं. गरोदर बायकांनी दर आठवड्याला यायचं, बोट टोचून घ्यायचं, काचेवरचा थेंब तपासून घ्यायचा, अशी तिथली पद्धत होती. या युनिटने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसलं, की हिवताप झालेल्या गरोदर बायकांच्या बिंबिका हिवताप झालेल्या इतर बायकांपेक्षाही जास्त घसरतात. मला त्यातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते: हिवतापाचं औषध दिल्यावर आठवड्याभरात बहुतेकींचा आकडा जागेवर आला.

मग या बिंबिका जातात कुठे? अस्थिमज्जा त्या तयार करतच असते, पण खर्च जास्त होतो. सुजलेली पाणथरी (प्लीहा) त्यांना अडकवून ठेवते. काहींवर प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) चिकटतात आणि शरीर स्वतःच त्यांना काढून टाकतं. शिवाय रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून फॉन विलेब्रांड नावाच्या चिकट प्रथिनाचे लांब धागे सुटतात. हे धागे कापणारं विकर (एन्झाइम) हिवतापात कमी पडतं. न कापलेल्या धाग्यांवर बिंबिका मण्यांसारख्या ओवल्या जातात. काही तर लढताना खर्ची पडतात: बाधित तांबड्या पेशीला बिंबिका चिकटते, आतलं एक प्रथिन सोडते आणि त्या पेशीतला हिवतापाचा परजीवी मरतो.

गरोदरपणात या गोंधळात वारेची, म्हणजे प्लॅसेंटाची, भर पडते. फाल्सिपेरम जातीचा परजीवी ज्या तांबड्या पेशीत शिरतो, तिच्या पृष्ठभागावर तो एक खास प्रथिन आणतो. ते वारेतल्या एका साखरेला नेमकं चिकटतं. बाधित पेशी तिथेच थांबतात, आणि बोटाच्या थेंबात कधी कधी एकही परजीवी दिसत नाही. आईला पंडुरोग होतो, बाळाचं वजन कमी भरतं. म्हणून ताप आणि कमी बिंबिका असतील, तर एका निगेटिव्ह रिपोर्टवर थांबू नये, तपासणी पुन्हा करावी. गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात हे विशेष लक्षात ठेवायला हवं, कारण तिथे फाल्सिपेरमच जास्त आढळतो. शेवटच्या महिन्यांत रक्तदाब वाढून बिंबिका घसरण्याचा वेगळा, गंभीर आजारही असतो. दोन्हींची गल्लत झाली तर जीवावर बेतू शकतं.

उपचार करायचा तो परजीवीवर. पपईच्या पानांच्या रसाने परजीवी मरत नाही. ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नये, त्यांनी बिंबिकांचं काम आणखी मंदावतं. बाहेरून बिंबिका चढवायची वेळ येते ती रक्तस्राव असेल, आकडा फारच खाली असेल किंवा शस्त्रक्रिया करायची असेल तेव्हा. पूर्वी पहिल्या तिमाहीत हिवतापावरची आर्टेमिसिनिन गटातली औषधं टाळत. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यातल्या आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनला तेव्हाही हिरवा कंदील दिला.

मुंबईत जास्त आढळणाऱ्या व्हायवॅक्स या दुसऱ्या जातीच्या परजीवीची गोष्ट वेगळी. आकडा सुधारला, ताप गेला, तरी तो यकृतात दडून राहतो. तिथून त्याला काढणारं प्रायमाक्विन गरोदरपणात देता येत नाही. त्यामुळे बाळंतपणापर्यंत पुन्हा कणकण आली, की पुन्हा बोट टोचून घ्यायचं.