शब्द वाचून राहत नाहीत, आठवून राहतात

फुलांच्या ‘गुड मॉर्निंग’बरोबर ‘आजचे दहा इंग्रजी शब्द’ येत नाहीत असा ग्रुप आता शोधावा लागेल. शब्द, समोर अर्थ, खाली एखादं वाक्य. आपण वाचतो, निम्मे ओळखीचे वाटतात, अंगठा दाखवतो आणि पुढे सरकतो. आठवड्याने त्यातलाच एक शब्द बोलताना हवा असतो आणि नेमका तोच सापडत नाही. मग आपण वयाला बोल लावतो, नाहीतर मराठी माध्यमाला. खरं कारण बरंच साधं आहे. तो शब्द आपण वाचला होता. आपल्याला तो कुणी विचारला नव्हता.

ह्या दोन गोष्टींत किती अंतर आहे ते जेफ्री कार्पिकी आणि हेन्री रोडिगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली मोजून दाखवलं. त्यांनी विद्यार्थ्यांना स्वाहिलीतले ४० शब्द इंग्रजी अर्थांसकट पाठ करायला दिले. एक फेरी वाचनाची, एक परीक्षेची, असं आलटून पालटून. एखादा शब्द एकदा बरोबर आला की पुढे त्याचं काय करायचं, हे प्रत्येक गटासाठी वेगळं होतं. पहिल्या गटाला तो शब्द वाचायलाही मिळत राहिला आणि विचारलाही जात राहिला. दुसऱ्या गटाचं वाचन थांबवलं, विचारणं चालू ठेवलं. तिसऱ्याचं उलट: वाचन चालू, विचारणं बंद. चौथ्या गटाचं दोन्ही बंद. त्या दिवशी उठताना चारही गटांना जवळजवळ सगळे शब्द येत होते.

आठवड्यानंतर पुन्हा परीक्षा घेतली. ज्यांना विचारणं चालू ठेवलं होतं, त्या दोन्ही गटांना सुमारे ८० टक्के शब्द आठवले. ज्यांचं विचारणं बंद केलं, त्यांना ३३ ते ३६ टक्के. एकदा आलेला शब्द पुन्हा पुन्हा वाचल्याचा फायदा जवळपास शून्य. गंमत अशी, की आठवड्यानंतर किती शब्द आठवतील याचा अंदाज विद्यार्थ्यांना आधीच विचारला होता आणि चारही गटांनी साधारण निम्मे असंच सांगितलं होतं. आपण कसे शिकलो याचा आपल्यालाच पत्ता नसतो. वाचलेलं डोळ्यांना ओळखीचं वाटतं आणि त्या ओळखीलाच आपण ‘येतं’ म्हणतो. पण समोर दिसलेला शब्द ओळखणं वेगळं आणि कोऱ्या मनातून तो बाहेर काढणं वेगळं. दुसरं काम केलं की आठवण पक्की होते, पहिल्याने फारसं काही होत नाही.

आपल्याकडे पाढ्यांचं सगळं श्रेय घोकण्याला देतात. मला ते अर्धवट वाटतं. पाढे पक्के झाले ते ‘सात साते?’ असं मधूनच, उलटसुलट विचारणाऱ्या आजोबांमुळे. घोकंपट्टी बदनाम झाली ती ठीकच, पण तिच्याबरोबर ते विचारणंही घराबाहेर गेलं.

आता विसरण्याबद्दल. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. ओळखीच्या शब्दांची मदत होऊ नये म्हणून तो निरर्थक अक्षरगट पाठ करायचा, काही काळाने तेच पुन्हा पाठ करायचा आणि दुसऱ्या वेळी किती कष्ट वाचले ते मोजायचा. वीस मिनिटांनंतर ५८ टक्के कष्ट वाचले, एका दिवसानंतर ३४ टक्के, महिन्यानंतर २१ टक्के. इंटरनेटवर ह्या आकड्यांचं ‘माणूस एका दिवसात दोन तृतीयांश विसरतो’ असं करून टाकलंय. एबिंगहाउसने मोजलं होतं ते वेगळंच. जे पूर्ण पुसलं गेलंय असं वाटतं, तेही दुसऱ्यांदा शिकायला सोपं जातं, कारण त्याचा माग उरलेला असतो. घसरण सुरुवातीला जोरात असते, नंतर मंदावते. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी आणि पुढच्या लांबत लांबत गेल्या तरी चालतात.

किती लांब? ह्याचं एक उत्तर अमेरिकेतल्या बारिक कुटुंबाने दिलं. हॅरी बारिक, त्यांची पत्नी आणि दोन मुली, असे चौघंच त्यांच्या प्रयोगाचे विषय आणि चौघंच संशोधक. परकीय भाषेतले ३०० शब्द त्यांनी काहींसाठी १४ दिवसांच्या, काहींसाठी २८ आणि काहींसाठी ५६ दिवसांच्या अंतराने उजळले आणि नंतर कित्येक वर्षं तपासत राहिले. प्रयोग नऊ वर्षं चालला, निष्कर्ष १९९३ मध्ये छापून आले. ५६ दिवसांच्या अंतराने केलेल्या १३ उजळण्यांचं फळ १४ दिवसांच्या अंतराने केलेल्या २६ उजळण्यांइतकंच निघालं. निम्म्या कष्टात तेवढंच काम. लांबच्या अंतराने उजळणी करताना दर वेळी जास्त विसरल्यासारखं वाटतं, जीव खालीवर होतो. पण टिकतं तेच.

कुठले शब्द शिकायचे, ह्या प्रश्नाचं उत्तर शोधायला सुरुवात झाली ती आपल्याच उपखंडात. १९२०च्या दशकात मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षणाधिकारी ढाक्यात काम करत होते. बंगाली मुलांच्या इंग्रजी वाचनमालांत क्वचित लागणाऱ्या शब्दांची गर्दी असते आणि नवे शब्द एकावर एक आदळतात, हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी धडे सोप्या, नेहमीच्या शब्दांत पुन्हा लिहायला घेतले. त्याच धाग्यातून १९५३ मध्ये त्यांची सुमारे २,००० शब्दांची यादी तयार झाली. सर्वसाधारण इंग्रजी मजकुरातले ८० टक्क्यांच्या आसपास शब्द तेवढ्या यादीत सापडतात. तेव्हा ‘सेरेंडिपिटी’ आणि ‘युबिक्विटस’ असले दागिने रोज सकाळी वाटणाऱ्यांनी आधी हे दोन हजार शब्द खरंच हाताशी आहेत का ते पाहावं. ‘पुट’, ‘गेट’, ‘टेक’, ‘टर्न’ सगळ्यांना येतात. पण ते खरे कितपत येतात, हे त्यांच्यामागे ‘ऑफ’ किंवा ‘अप’ लागलं की कळतं.

मराठी माणसाचं इंग्रजी अडतं ते इथे, फ्रेजल व्हर्बपाशी, म्हणजे मागे ‘ऑफ’, ‘अप’ असं अव्यय लागून अर्थ बदलणाऱ्या क्रियापदांपाशी. आपण ‘पोस्टपोन’ म्हणतो (आणि त्याला जोड म्हणून ‘प्रीपोन’ही घडवलं), पण ‘पुट ऑफ’ तोंडात येत नाही. हे फक्त आपलं नाही. १९८५ मध्ये इस्रायलमधल्या दागुत आणि लाउफर यांनी हिब्रू बोलणाऱ्या विद्यार्थ्यांत हेच पाहिलं: फ्रेजल व्हर्ब टाळायचं आणि त्याच अर्थाचं एकशब्दी क्रियापद वापरायचं. हिब्रूत अशी क्रियापदं नाहीत, म्हणून ती परकी वाटतात, असं त्यांचं म्हणणं.

पण मराठीचं तसं नाही, आणि हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलंच नाही. ‘खा’ आणि ‘खाऊन टाक’ यांत काय फरक आहे? टाकायचं काहीच नाही. फक्त काम एकदाचं पुरं कर, उरवू नकोस. ‘ईट अप’मधला ‘अप’ नेमकं हेच करतो. ‘युज अप’ म्हणजे वापरून टाक. ‘बोलून बसला’मध्ये कुणी बसलेलं नसतं, पस्तावा असतो. ‘बोलत राहा’मधलं ‘राहा’ म्हणजे इंग्रजीतल्या ‘कीप ऑन’मधला ‘ऑन’. टाकणे, बसणे, राहणे, ठेवणे, घेणे, देणे ही क्रियापदं मागे लागून अर्थ कसा वाकवतात, याची यादी आपण कधी पाठ केली नाही. ‘शिवून दे’ आणि ‘शिवून घे’ यांतला फरक तीन वर्षांच्या पोरालाही कळतो. फरक इतकाच, की आपल्याकडे हे काम दुसरं क्रियापद करतं आणि इंग्रजीत एक चिमुकलं अव्यय. जुळणी दर वेळी होणार नाही, ‘गिव्ह अप’मधल्या ‘अप’ला ‘टाकणे’ लावून पाहिलंत तर ‘सोडून दे’पाशी येऊन थांबाल. तरी अव्ययाला स्वतःचा काही स्वभाव असतो, हे एकदा पटलं की पुढचं सोपं जातं. आपण ‘कोप अप विथ’ म्हणतो ना, ते इंग्रजीत चूक आहे, पण चुकीमागचा कान बरोबर आहे: निभावून नेण्यातलं ‘नेणं’ आपल्याला कुठेतरी बसवायचं असतं.

शिवाय हा पसारा दिसतो तेवढा मोठा नाही. गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ मध्ये १० कोटी शब्दांच्या ब्रिटिश मजकुराचा संग्रह तपासला. २० क्रियापदं आणि ८ अव्ययं यांच्या जोड्यांतच त्यातली निम्म्याहून थोडी अधिक फ्रेजल व्हर्ब बसली. त्रास आहे तो अर्थांचा. सगळ्यांत जास्त वापरल्या जाणाऱ्या शंभरांना प्रत्येकी सरासरी पाचाहून अधिक अर्थ. मात्र सगळे अर्थ सारखेच लागत नाहीत. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोनांवर भागतं.

आणि शिकवतो आपण कसं? ‘गेट अप, गेट ऑन, गेट ओव्हर, गेट अवे’, एका खाली एक, एकाच पानावर. थॉमस टिंकम यांनी १९९३ मध्ये बनावट शब्द शिकवून पाहिले. ज्यांचे अर्थ एकाच कुळातले होते, म्हणजे शर्ट, जॅकेट, स्वेटर असे, ते शिकायला एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांपेक्षा जास्त फेऱ्या लागल्या. सारखे शब्द एकमेकांच्या पायात पाय घालतात. ‘गेट’च्या कुटुंबाला रूपाचंही साम्य आहे, तेव्हा ते पान म्हणजे गोंधळाचीच सोय. एका दिवशी एकच ‘गेट’ घ्यावं, दुसरं पुढच्या आठवड्यात.

वाक्प्रचारांबद्दल थोडक्यात. ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’वर वेळ घालवू नये, पुस्तकांबाहेर ते फारसं ऐकू येत नाही. ऐकलेलं, वाचलेलं, दोनदा भेटलेलं तेवढंच टिपावं आणि अख्खं टिपावं. मातृभाषक वाक्प्रचार सुटे शब्द जोडत वाचत नाहीत, एकच तुकडा म्हणून चटकन वाचून पुढे जातात.

टिपायचं कसं, तर ‘पुट ऑफ’ घेऊ. वहीचं पान मधोमध दुमडा. डावीकडे मराठी वाक्य, तेही आपल्या घरातलं: ‘आजी पडल्यामुळे साखरपुडा पुढे ढकलला.’ उजवीकडे इंग्रजी: ‘वी पुट ऑफ द एंगेजमेंट.’ चार-पाच दिवसांनी दुसरा अर्थ, वेगळ्या पानावर: ‘त्या वासानेच जेवणावरची वासना उडाली’, ‘द स्मेल पुट मी ऑफ माय फूड.’ कुठलंही पान लिहिल्याच्या दुसऱ्या दिवशी उजवी बाजू झाकून डावीकडचं वाचायचं आणि इंग्रजी मोठ्याने म्हणायचं. आठवलं नाही तरी लगेच पाहायचं नाही, जरा झगडायचं. आलं तर पुढची भेट चार दिवसांनी, मग पंधरा, मग दोन महिन्यांनी. चुकलं तर पुन्हा उद्यापासून. विज्ञानपत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये कार्डं आणि खणांची पेटी वापरून हीच पद्धत मांडली होती. आजची उजळणीची ॲप्स त्याच तत्त्वावर चालतात. वहीचा फायदा एवढाच, की तीत सूचना येत नाहीत.

दोन-तीन हजार शब्दांपलीकडे मात्र वही पुरत नाही. न्यूझीलंडचे भाषाशास्त्रज्ञ पॉल नेशन यांच्या हिशोबाने कादंबरी किंवा वर्तमानपत्र मदतीशिवाय वाचायला आठ ते नऊ हजार शब्दकुळं लागतात, म्हणजे ‘डिसाइड’, ‘डिसिजन’, ‘डिसायसिव्ह’ मिळून एक धरलं तर. तेवढी वाचूनच येतात, पण आवाक्यातलं वाचून. १०० पैकी ९८ शब्द ओळखीचे असले तर उरलेल्या दोनांचा अर्थ संदर्भाने लागू शकतो. दुकानात पुस्तक हातात घेतलं की मधलंच एखादं पान उघडावं आणि अनोळखी शब्दांना बोटं मोजावीत. अडीचशे शब्दांच्या पानावर एका हाताची बोटं पुरली तर घ्यावं. दुसरा हातही लागला, तर सध्या परत फळीवर ठेवावं.