ब्रेस्टस्ट्रोकमध्ये सेकंद जातात कुठे?

पोरांच्या स्विमिंग कॉम्पिटिशनला पूलच्या कडेला एक आरडाओरडा हमखास ऐकू येतो, "हात मार, पटापट मार!" ब्रेस्टस्ट्रोकवाल्या, म्हणजे छातीवर झोपून बेडकासारखे पाय मारत पोहणाऱ्या पोरासाठी हा सल्ला चक्क नुकसानीचा आहे.

ब्रिटनच्या ॲडम पीटीचा १०० मीटर ब्रेस्टस्ट्रोकचा वर्ल्ड रेकॉर्ड घ्या, २०१९, ग्वांगजू, ५६.८८ सेकंद. पहिले ५० मीटर २६.६३ मध्ये, नंतरचे ३०.२५ मध्ये. लगेच लोक म्हणतात, बघा दमला. दमला असेलच, पण पहिल्या लॅपला ब्लॉकवरून मारलेल्या सुराचा आयता वेग मिळतो, दुसऱ्या लॅपला तो नसतो, त्यामुळे हा सगळा फरक दमण्याच्या खात्यात टाकता येत नाही.

खरी गंमत एकेका स्ट्रोकच्या आत आहे. किक बसली की शरीर सुसाट निघतं, मग पुढच्या किकसाठी पाय दुमडून घेतले की मांड्या पाण्याला आडव्या येतात आणि वेग धाडकन पडतो, आणि हे दर स्ट्रोकला. पाण्याचा विरोध साधारण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून लागणारी पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात. समजा एक जण सतत सेकंदाला १.५ मीटरने जातोय, १.५ चा घन ३.३७५. दुसरा अर्धा वेळ २ ने आणि अर्धा वेळ १ ने जातोय, सरासरी वेग तोच, पण घन येतात ८ आणि १, त्यांची सरासरी ४.५. म्हणजे तेवढंच अंतर, तेवढाच वेळ आणि खर्च एक तृतीयांशाने जास्त! सिग्नलासिग्नलाला ब्रेक मारत चालवलेली गाडी जास्त पेट्रोल खाते, तसंच.

आता दमलेला माणूस काय करतो, तर ग्लाइड, म्हणजे किकनंतर शरीर सरळ ठेवून नुसतं सरकणं, आखडती घेतो, शरीर सरळ व्हायच्या आधीच पुढचा स्ट्रोक सुरू, म्हणजे लॅपमागे स्ट्रोक वाढले, तितक्या वेळा मांड्या आडव्या आल्या, आणि तो अजून दमला. हे दुष्टचक्र कुठल्या पावडरीने तुटत नाही, आणि रिओ ऑलिम्पिकला फेल्प्सच्या अंगावर दिसलेल्या त्या कपिंगच्या (कातडीला कप लावून ती ओढून धरण्याच्या उपचाराच्या) लाल गोलांनी तर नाहीच, कपिंगचा पुरावा अगदीच तोकडा आहे.

२०० मीटरला हे स्पष्ट दिसतं. टोकियो ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये नेदरलँड्सचा आर्नो कामिंगा १५० मीटरपर्यंत पुढे होता, पण ऑस्ट्रेलियाच्या झॅक स्टबल्टी-कुकने शेवटच्या लॅपला त्याला गाठून २:०६.३८ मध्ये गोल्ड मारलं. ही रेस परत बघाल तेव्हा घड्याळ सोडा आणि दोघांचे लॅपमागचे स्ट्रोक मोजा.