मु. पो. ते व्हॉट्सॲप: कोकणातल्या माजी विद्यार्थी मेळाव्यांची पार्श्वभूमी

रत्नागिरी-सिंधुदुर्गात कॉलेजच्या जुन्या बॅचचा मेळावा ठरतो, तेव्हा हॉल आणि जेवण ही दुय्यम कामं असतात. घोडं अडतं ते पत्त्यांपाशी. इथे पदवी घेतलेला माणूस बहुधा कॉलेजच्या गावात राहत नाही. तो मुंबईत, पुण्यात किंवा आखातात असतो आणि घर मात्र वाडीत असतं. त्यामुळे किनाऱ्यावरच्या स्नेहमेळाव्यांचा इतिहास हा बराचसा पत्ते शोधण्याचा आणि टिकवण्याचा इतिहास आहे.

मुळात इथे कॉलेजं उशिरा आली. रत्नागिरीचं कॉलेज, म्हणजे आजचं गोगटे-जोगळेकर, १९४५ साली सुरू झालं. सावंतवाडीचं श्री पंचम खेमराज महाविद्यालय १९६१चं, चिपळूणचं दातार-बेहेरे-जोशी १९६५चं. त्याआधी मॅट्रिकच्या पुढे शिकायचं तर मुंबई, पुणे, कोल्हापूर किंवा सांगली गाठावी लागे. त्याहून मागे गेलं तर साध्या परीक्षेसाठीही पायपीट होती. धोंडो केशव कर्वे १८७५ साली सहावीच्या परीक्षेसाठी दापोलीजवळच्या मुरूडहून साताऱ्याला चालत गेले आणि वयाने लहान दिसतात म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. अशा काळात ‘आमच्या कॉलेजचे’ ही ओळख कोकणात तयार होणं शक्यच नव्हतं. ओळख होती ती ‘आमच्या गावचे’ ही.

म्हणून माजी विद्यार्थी संघाचा सांगाडा कॉलेजातून आला नाही, तो चाकरमान्यांच्या मंडळांतून आला. कर्व्यांनीच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत ‘मुरूड फंड’ उभा करण्यात पुढाकार घेतला होता. बाहेर कमावत्या मुरूडकरांनी गावासाठी पैसे बाजूला काढायचे, ही त्यामागची कल्पना. पुढे गिरणगावात गावोगावच्या मंडळांच्या खोल्या झाल्या. महिन्याची वर्गणी, पावतीपुस्तक, इतिवृत्ताची वही आणि वार्षिक सभेत हिशेबावरून होणारं भांडण ही सगळी रीत तिथेच मुरली. कोकणातली कितीतरी हायस्कुलं अशा मुंबईकर मंडळांच्या पैशावर उभी राहिली, आणि काहींच्या लेटरहेडवर अजूनही मुंबईचा नि गावचा असे दोन पत्ते असतात. कॉलेजांच्या बॅचेस जमायला लागल्या तेव्हा त्यांना ही चाकोरी आयती मिळाली. मेळाव्याच्या दारातच टेबल टाकून पावत्या फाडायला कोणीतरी बसलेलं असतं, ते यामुळेच.

१८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि ही व्यवस्था खिळखिळी झाली. चाळीतले लोक डोंबिवली, दिवा, नालासोपारा, विरारकडे पांगले. लालबाग-परळच्या पत्त्यावर पाठवलेली कार्डं परत यायला लागली. गावच्या घराचा पत्ता तेवढा शाबूत राहिला, तोही म्हातारी माणसं होती तोवर. ‘मु. पो.’ लिहून टाकलेलं पत्र आईच्या हातात पडे आणि गणपतीत आलेल्या मुलाला मिळे. घराला कुलूप लागलं की हा दुवा तुटतो.

कॉलेजच्या प्रवेश रजिस्टरातून यादी काढताना काही अडचणी हमखास येतात. पहिली जिल्ह्याची. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या नोंदींत मालवण, कुडाळ, वेंगुर्ले, सावंतवाडी यांच्यापुढे ‘जि. रत्नागिरी’ असतं. दोडामार्ग तालुका तर त्याहूनही नंतरचा, तिथली गावं सावंतवाडीखाली शोधायची. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ला आला, पण त्यावरून जिल्हा ठरवू नये. रत्नागिरी, चिपळूण, दापोलीचे पिन ४१५ने सुरू होतात आणि सिंधुदुर्गाचे ४१६ने. पण लांजा (४१६७०१) आणि राजापूर (४१६७०२) रत्नागिरी जिल्ह्यात असूनही ४१६मध्ये मोडतात. एक्सेलमध्ये पिनवरून जिल्हा भरणाऱ्याने निम्मा राजापूर सिंधुदुर्गात टाकला, असं सहज होतं.

दुसरी अडचण आडनावांची. अख्ख्या वाडीचं आडनाव एक, आणि त्यात तीन ‘सुरेश’. वडिलांचं नाव आणि वाडी हे दोन रकाने नसतील तर यादी निरुपयोगी समजावी.

सगळ्यात मोठं भगदाड मुलींच्या बाबतीत पडतं. रजिस्टरात माहेरचं नाव, आधारवर आणि फेसबुकवर सासरचं. काही घरांत लग्नानंतर पाळण्यातलं नावही बदललेलं. मेळाव्याच्या फोटोत बायका कमी दिसतात त्याचं कारण त्यांची अनिच्छा असं सांगितलं जातं. बहुतेक वेळा खरं कारण एवढंच असतं की त्यांच्यापर्यंत कोणी पोचलेलंच नसतं. पोचण्याचा खात्रीचा रस्ता म्हणजे माहेरच्या वाडीतला भाऊ किंवा भावजय, आणि विचारायची वेळ गौरी-गणपतीची, कारण तेव्हा माहेरवाशिणी येतात. पहिला फोन वर्गातल्याच एखादीने करावा. तीस वर्षांनी अनोळखी पुरुषाचा आवाज आला तर घरात प्रश्न उठतात आणि फोन ठेवला जातो. ग्रुपमध्ये नाव लिहिताना ‘नाव, माहेर, सासर’ हा क्रम ठरवून घेतला की पुढची गफलत टळते.

पदवीधरांची सरकारी म्हणावी अशी एकच यादी सार्वजनिक असते, ती कोकण पदवीधर मतदारसंघाची. पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचा हा मतदारसंघ. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर, त्याआधी किमान तीन वर्षं पदवी झालेली हवी, अर्ज नमुना १८. मात्र ही यादी दर निवडणुकीला नव्याने होते आणि ज्याने अर्ज केला तोच तिच्यात असतो. गावातलं कोण अजून इथे राहतं हे ताडून पाहायला ती बरी, यापेक्षा तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

फोनचा काळ तसा थोडक्यात आटोपतो. नव्वदच्या दशकात एसटीडी बूथ गावागावांत झाले, रात्रीच्या सवलतीच्या दरात मुंबईला फोन लागत. पण तेव्हा डायरीत उतरवलेले मुंबईचे नंबर सात आकडी होते, आणि २००२मध्ये त्यांच्यापुढे २ लागला. जुन्या डायरीतला नंबर लावून पाहायचा तर हा आकडा आठवणीने जोडावा, अर्थात तो लँडलाइन अजून जिवंत असेल तर.

२००४ला ऑर्कुट हे फेसबुकसारखं समाजमाध्यम आलं. कॉलेजच्या नावाच्या कम्युनिटी निघाल्या, पण त्यात होते ते सायबर कॅफेत बसणारे तरुण. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या बॅचेस तिथे नव्हत्याच. ३० सप्टेंबर २०१४ला ऑर्कुट बंद झालं. तिथले स्क्रॅप आणि फोटो ज्यांनी उतरवून घेतले नाहीत त्यांचे गेले. आज ग्रुपवर सगळं सोडून देणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. जुन्या बॅचेस खऱ्या अर्थाने जमल्या त्या व्हॉट्सॲपवर. ग्रुपची मर्यादा २०१४मध्ये १०० झाली, २०१६मध्ये २५६, आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू होऊन डेटा स्वस्त झाला. वाडीत राहिलेला आणि मुंबईला गेलेला वर्गमित्र रोज एकमेकांना दिसू लागले ते तेव्हापासून. २०२२मध्ये मर्यादा १०२४वर गेली, पण एका बॅचला एवढी लागत नाही.

ग्रुप बिघडतो तो ठरलेल्या वाटांनी. सकाळची फुलं, मग राजकारण, मग एकाचा रागाने ‘लेफ्ट’, आणि कामाची सूचना दोनशे मेसेजखाली गाडली जाते. २०१८पासून फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल अशी सोय आहे. तेव्हा दोन ग्रुप करावेत: सूचनांचा बंद आणि गप्पांचा मोकळा. ॲडमिन तीन असावेत, पैकी एक गावात राहणारा. वर्गमित्राच्या नावाने ‘अडचणीत आहे, पैसे पाठव’ असा मेसेज आला तर त्याच्या नंबरवर फोन लावून आवाज ऐकल्याशिवाय रुपयाही पाठवू नये.

‘बॅच’ कशाला म्हणायचं, हे आधी ठरलं नाही तर भांडण होतं. पदवीच्या वर्षावरून धरली तर एटीकेटीत अडकलेले आणि शेवटच्या वर्षाला दुसरीकडे गेलेले बाहेर राहतात, आणि अनेकदा तेच मेळाव्याला सर्वात उत्साही असतात. एफवायच्या प्रवेश वर्षावरून धरणं शहाणपणाचं. सत्तरच्या दशकातल्या मंडळींत आणखी गुंता आहे. १९७५ला जुनी अकरावीची आणि नवी दहावीची एसएससी एकाच वर्षी झाली, त्यामुळे ‘आम्ही पंचाहत्तरचे’ म्हणणारे दोन वेगवेगळ्या इयत्तांचे निघतात.

तारखेचं गणित कोकण रेल्वे पूर्ण झाल्यापासून, म्हणजे २६ जानेवारी १९९८पासून, तिकिटाभोवती फिरतं. आगाऊ आरक्षण पूर्वी १२० दिवस आधी उघडे, १ नोव्हेंबर २०२४पासून ते ६० दिवसांवर आलं. त्यामुळे तारीख निदान अडीच-तीन महिने आधी जाहीर व्हावी आणि आरक्षण उघडण्याच्या आदल्या रात्री ग्रुपवर आठवण जावी. गणपतीत सगळे गावात असतात म्हणून मेळावा तेव्हाच घ्यावा, असं दर वर्षी कोणीतरी सुचवतं. ते जमत नाही. ज्याच्या घरी गणपती आहे तो बाहेर पडत नाही, आणि गौरी विसर्जनानंतर परतीची घाई असते. शिमग्यात पालखी घरोघर फिरते, मानकऱ्याला हलता येत नाही. मेमध्ये लग्नांमुळे हॉल मिळत नाहीत आणि बागायतदार आंब्यात गुंतलेले असतात. उरतात ती दिवाळीनंतरची आणि डिसेंबर अखेरची शनिवार-रविवारची जोडी. जेवणाचा आकडा केटररला पैसे भरलेल्यांवरूनच द्यावा, ग्रुपवरच्या अंगठ्यांवरून नव्हे.

अलीकडे कॉलेजंच माजी विद्यार्थ्यांना शोधू लागली आहेत, त्यामागे कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक आहे. १९९४ला स्थापन झालेल्या या संस्थेच्या पाचव्या निकषात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाचा उपविभाग आहे आणि त्यात नोंदणीकृत संघाबद्दल विचारणा होते. म्हणून मूल्यांकन जवळ आलं की घाईने संघ नोंदवले जातात. नोंदणीला १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात सोबत सार्वजनिक न्यासाचीही नोंदणी होते, दोन्ही धर्मादाय कार्यालयातच. खरी गोची नंतर होते. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो, तो राहून जातो. सचिव म्हणून नाव असलेले प्राध्यापक निवृत्त होऊन गावी जातात, बँक नवी सही घेत नाही आणि जमलेली वर्गणी खात्यात अडकते. मग नाइलाजाने कोणाच्या तरी खासगी यूपीआयवर पैसे गोळा होतात आणि पुढच्या सभेत त्यालाच जाब विचारला जातो. आखातातल्या वर्गमित्राचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे बँकेतून आले असतील तर ती परदेशी देणगी ठरत नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्याची मात्र ठरते, त्याच्याकडे भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, आणि परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची (एफसीआरए) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संघाला ती घेता येत नाही.

३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात दापोली-मंडणगडाकडची छपरं उडाली आणि २२ जुलै २०२१ला चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा वेळी मोबाइलचे टॉवर आधी पडतात आणि शंभर नंबरांची यादी असून नसल्यासारखी होते. म्हणून जाणत्या बॅचेस आता यादीत एक जादा रकाना ठेवतात: वाडीतल्या शेजाऱ्याचं नाव, आणि त्याचा मुंबईतला नंबर.