डीपीआय वाढवला की नेम सुधारतो का?

इंदूरच्या मराठी घरांतील मुलांमध्ये आणि त्यांना माउस घेऊन देणाऱ्या पालकांमध्ये एक संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे: माउसचा डीपीआय जितका जास्त, तितका गेममधला नेम अचूक. खोक्यावरचा मोठा आकडा पाहून असे वाटणे स्वाभाविक आहे.

प्रत्यक्षात माउस एक इंच सरकल्यावर तो संगणकाला किती पावले कळवतो, एवढेच डीपीआय सांगतो. गेम त्या पावलांना स्वतःच्या सेन्सिटिव्हिटीने, म्हणजे गेमच्या सेटिंगमध्ये आपण ठेवलेल्या आकड्याने, गुणतो. त्यामुळे ८०० डीपीआयवर १ सेन्सिटिव्हिटी ठेवली काय किंवा १६०० वर ०.५ ठेवली काय, हाताला तेवढेच अंतर कापावे लागते. पडताळणी घरच्या घरी होते. आधी विंडोजमधील ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करावे, कारण ते हाताच्या वेगानुसार अंतर बदलते. मग वरच्या दोन्ही जोड्या एकेक करून लावाव्यात; प्रत्येक वेळी माउसशेजारी फूटपट्टी ठेवून, गेममधील भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर नेम धरावा आणि पूर्ण गिरकी घेऊन त्याच खुणेवर परतेपर्यंत माउस किती सेंटिमीटर सरकला, ते मोजावे. दोन्ही मापे जवळपास सारखीच येतील.

हे माप हाताला सोसेल असे निवडून कायम ठेवणे आणि त्यावर नियमित सराव करणे, हे मला नव्या माउसपेक्षा कितीतरी मोलाचे वाटते. डीपीआय वाढवल्याने डोळ्यांनी पाहून बोट दाबण्यास लागणारा सुमारे पाव सेकंदाचा वेळही कमी होत नाही.